1994 च्या माझदा एमएक्स-5 ला मागचा स्पॉयलर बसवावा का?

श्टुटगार्टकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेल्या वर्षी मी 1994 सालची, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 घेतली. 1.8 लिटरचे 131 अश्वशक्तीचे इंजिन, काळा, मागे दुमडता येणारा कापडी टप आणि मूळचा लाल रंग अशी ही गाडी आहे. डिकीचे झाकण अजून कोणी उघडून रंगवलेले किंवा ठोकून सरळ केलेले नाही, याचे मला फार अप्रूप आहे.

मी दर पंधरा दिवसांनी इथे जर्मनीत ए-81 महामार्गाने बोडन सरोवराकडे जातो. या रस्त्यावर काही टप्प्यांत वेगमर्यादा नाही. ताशी 140 किलोमीटरच्या पुढे गेल्यावर गाडीचा मागचा भाग हलका झाल्यासारखा वाटतो आणि पुलावर बाजूचा वारा लागला की स्टिअरिंग सतत थोडे थोडे सावरावे लागते. मागे स्पॉयलर बसवल्यास हा दोष कमी होईल, असे एका परिचिताने सुचवले. खरे सांगायचे तर तो मला दिसायलाही आवडतो. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे कंपनीच्या मूळ स्पॉयलरसारखी डिकीच्या कडेची छोटी पट्टी आणि दुसरा म्हणजे दोन खांबांवर उभा राहणारा फायबरचा मोठा पंख. दोन्हींसाठी डिकीला भोके पाडावी लागतील असे विक्रेता म्हणतो. ज्यांनी जुन्या स्पोर्ट्‌स कारवर हे काम केले आहे किंवा ज्यांना हवेच्या प्रवाहाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वातप्रवाह

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत, आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर पैसेही जातील आणि डिकीलाही विनाकारण भोके पडतील.

प्रथम स्पॉयलर काय करतो ते पाहू. उतरत्या पाठीच्या गाडीवरून जाणारी हवा पृष्ठभागाला चिकटून खाली वळते, वळताना तिचा वेग वाढतो, तिथला दाब घटतो आणि गाडीचा मागचा भाग वर ओढला जातो. कडेला उभी केलेली छोटी पट्टी त्या हवेला अडवते, त्यामुळे पट्टीच्या पुढे, म्हणजे डिकीच्या झाकणावर, दाब वाढतो आणि हवा एका निश्चित रेषेवर पृष्ठभाग सोडते. पोर्शेने ऑक्टोबर 1972 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली 911 कॅरेरा आरएस 2.7 हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. तिच्या मागच्या झाकणाला बदकाच्या शेपटीचा आकार दिला होता. 911 चे इंजिन मागच्या धुरीच्याही (मागची दोन चाके जोडणाऱ्या आसाच्याही) मागे आणि पाठ लांब, उतरती, त्यामुळे तिथे हवा शेवटपर्यंत चिकटून येत असे आणि एवढ्याशा शेपटीने मागची उचल मोठ्या प्रमाणात कमी झाली.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. 1998 मध्ये आलेली पहिली ऑडी टीटी मागे कोणताही स्पॉयलर नसलेली, गोल पाठीची गाडी होती. जर्मन महामार्गांवर फार मोठ्या वेगात मार्गिका बदलताना आणि वळणांवर तिचे गंभीर अपघात झाले, तेव्हा ऑडीने गाड्या परत बोलावून डिकीवर छोटा स्पॉयलर बसवला. मात्र कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. त्याच वेळी सस्पेन्शनमध्ये बदल केले गेले आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणालीही दिली गेली. गाडी बनवणाऱ्यांनीच मागच्या अस्थिरतेचा दोष एकट्या स्पॉयलरवर सोपवला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता एमएक्स-5. तिचा टप बंद असताना मागची काच तीव्र उताराची असते आणि डिकी आखूड. टपाच्या मागे हवा पृष्ठभाग सोडून देते आणि डिकीवर पोहोचते ती विस्कळीत होऊन. टप उघडा असेल तर पुढच्या काचेच्या मागून सगळी हवा बसण्याच्या जागेत घोंगावते आणि डिकीच्या कडेवर तिचा सरळ प्रवाह जवळजवळ उरतच नाही. म्हणून छोट्या पट्टीचा परिणाम उघड्या गाडीत नगण्य आणि बंद टपात थोडासा, एवढीच अपेक्षा ठेवावी. टणक छत लावलेल्या गाडीत परिस्थिती काहीशी सुधारते, पण ते आपल्याकडे नाही.

मोठा पंख खांबांमुळे थोड्या चांगल्या हवेत पोहोचतो हे खरे, पण त्याचा हिशेब पुढच्या चाकांशीही लावावा लागतो. आपल्या गाडीच्या दोन धुरींमधले अंतर 2,265 मिलिमीटर आहे. पंख मागच्या धुरीच्या सुमारे पाऊण मीटर मागे असेल आणि त्याने 10 किलोचा दाब दिला, तर तरफेच्या न्यायाने पुढच्या चाकांवरचे सुमारे 3 किलो वजन कमी होते. पुढे त्याला तोडीस तोड हवा-पट्टी नसेल, तर वेगात गाडी वळायला नाखूश होते. माझदाने अमेरिकेत विकलेल्या आर पॅकेजच्या गाड्यांना पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्पॉयलर दिले होते, त्यामागे हा समतोल असावा असे मला वाटते.

वेगाचा प्रश्न राहिला. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 100 किलोमीटरला प्रवाहाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 47 किलो वजनाइतका असतो, तर 200 ला सुमारे 190 किलोइतका. म्हणजे 140 वर हवेचा परिणाम नसतो असे नाही, पण तेवढ्यावर एखादी निरोगी एमएक्स-5 चालकाला घाबरवत नाही. आपल्या तक्रारीचे मूळ मला हवेत नव्हे, खाली चाकांपाशी दिसते. मागच्या चाकांचा टो (वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला असणे, सस्पेन्शनच्या सांध्यांतले तीस वर्षांचे रबरी बुश सैल पडलेले असणे आणि टायर वयाने कडक झालेले असणे ही तीन कारणे आधी तपासावीत. या गाडीला चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरणाऱ्या वरखाली दोन भुजा) आहेत आणि मागचा टो ज्या विकेंद्री बोल्टने जुळवतात, ते बोल्ट गंजून जाम होतात. ते फिरत नसतील तर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवल्याचा, कागद कितीही सुंदर छापून आला, तरी चाके आहेत तिथेच राहतात.

जुनी_गाडी_म्युनिक

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. कायद्याची बाजू मात्र राहून गेली, आणि जर्मनीत तीच अनेकदा महाग पडते.

जर्मन वाहन-परवाना नियमावलीच्या कलम 19 नुसार, इतरांना धोका संभवेल असा बदल नोंद न करता केल्यास गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच रद्द होऊ शकते, आणि अपघात झाला तर विम्याचे प्रश्न उभे राहतात. म्हणून स्पॉयलर विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे की त्यासोबत ‘आ-बे-ए’, म्हणजे सर्वसाधारण परवाना, आहे की ‘टाइलेगुटाख्टेन’, म्हणजे त्या सुट्या भागाचा तपासणी-अहवाल. पहिला असेल आणि त्यातच तपासणीची अट घातलेली नसेल, तर तो कागद गाडीत बाळगला म्हणजे पुरे. दुसरा असेल तर बसवल्यानंतर ट्यूफ किंवा डेक्रा या वाहन-तपासणी संस्थांच्या तपासनिसाकडून नोंद करून घ्यावी लागते. यातले काहीच नसेल तर स्वतंत्र मंजुरीचा मार्ग उरतो आणि तिचा खर्च पट्टीच्या किमतीहून जास्त होऊ शकतो.

तपासनीस कडा हाताने चाचपून पाहतात. बाहेर आलेल्या भागांच्या आंतरराष्ट्रीय नियमात कडेची गोलाई किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येची असावी लागते, आणि स्वस्त फायबरच्या पंखांच्या टोकांना ती अनेकदा नसते.

आणखी एक मुद्दा आपल्यासाठी विशेष आहे. आपली गाडी तीस वर्षांची झाली, म्हणजे ती ‘एच’ क्रमांकपट्टीला, अर्थात ऐतिहासिक वाहनाच्या नोंदणीला, वयाने पात्र आहे. या नोंदणीत मोटारीला इंजिनाचा आकार कितीही असला तरी वर्षाला सुमारे 192 युरो ठोक कर लागतो. पण गाडी बरीचशी मूळ स्थितीत हवी आणि केलेले बदल तिच्या काळातले हवेत. कंपनीने त्या काळात दिलेली पट्टी सहज चालून जाते, पण उंच पंखामुळे ही नोंदणी हातची जाऊ शकते. आपला मूळ रंग आणि न ठोकलेली डिकी पाहता मी तरी तो पंख लावणार नाही.

पत्रेकाम_पुणे

मी पुण्यात एकोणीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. या गाड्या आमच्याकडे क्वचित येतात, पण पत्रा आणि फायबर सगळीकडे सारखेच वागतात, म्हणून बसवण्याबद्दल लिहितो.

शक्य असेल तर भोके पाडू नयेत. हलकी, झाकणाच्या आकाराला नीट बसणारी पट्टी उत्तम प्रतीच्या दुहेरी चिकटपट्टीने आणि काच बसवायच्या पॉलियुरेथेन गोंदाने पक्की बसते. आधी पट्टी कोरडीच ठेवून सगळीकडे फट सारखी आहे का ते पाहावे. फायबरची पट्टी टोकाला उचललेली असेल तर ती दाबून चिकटवू नये, कारण तो ताण कायम राहतो आणि पहिल्या उन्हाळ्यात टोक सुटते. अशी पट्टी घासून बसती करावी किंवा सरळ परत करावी. झाकणावरचे मेण आणि पॉलिश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढावे. चिकटवताना पत्रा थंडगार नसावा, साधारण 20 अंश तापमान असावे, आणि त्यानंतर किमान एक दिवस, जमल्यास तीन दिवस, गाडी धुऊ नये व वेगात नेऊ नये. जर्मनीतल्या हिवाळ्यात हे काम गरम गॅरेजमध्येच करावे.

मोठ्या पंखाला मात्र चिकटपट्टीचा भरवसा धरता येत नाही, त्याला बोल्टच हवेत. भोक पाडल्यावर कडेची धार घासून काढावी, उघड्या पत्र्याला गंजरोधक प्रायमर आणि रंग द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, वर रबरी वायसर आणि आतून रुंद पत्र्याचा वायसर घालावा आणि नट बेताने आवळावा. जास्त आवळला की पातळ पत्रा खळगा धरतो, त्या खळग्यात पाणी साचते आणि गंज आतून सुरू होतो, जो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. या गाडीची बॅटरी डिकीत असते असे मी एका गाडीवर काम करताना पाहिले आहे, त्यामुळे भोकातून झिरपलेले पाणी नको त्याच जागी पोहोचेल. शिवाय झाकण वर धरणाऱ्या पिळाच्या सळ्या मूळ वजनासाठी बेतलेल्या असतात. जड पंख लावला की झाकण वर टिकत नाही आणि सामान काढताना डोक्यावर येते. झाकणावर तिसरा ब्रेक दिवा असेल, तर कोणतीही पट्टी त्याला झाकत नाही ना, तेही पाहावे.

रंगाबद्दल एकच सांगतो. तीस वर्षे उन्हात राहिलेल्या लाल रंगाला कंपनीच्या रंग-कोडवरून बनवलेला नवा लाल जुळत नाही. रंगाऱ्याला डिकी दाखवून, पॉलिश केलेल्या भागावर नमुना जुळवून घ्यावा.

श्टुटगार्टकर (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. काल गाडी लिफ्टवर चढवली. मागच्या टायरवर 0814 असा आकडा आहे, म्हणजे ते 2014 च्या आठव्या आठवड्यात बनलेले आहेत. वरची नक्षी शाबूत असल्यामुळे मी ते कधी तपासलेच नव्हते. मागचा डावा विकेंद्री बोल्ट पूर्ण जाम आहे आणि त्या बाजूच्या बुशचे रबर फाटले आहे. गॅरेजवाल्याच्या मते तो बोल्ट कापूनच काढावा लागेल.

त्यामुळे मोठ्या पंखाचा विचार मी सोडून दिला आहे. आधी चारही टायर मूळ 185/60 आर 14 मापाचे घेईन, मागचे बुश आणि बोल्ट बदलीन आणि अलाइनमेंट करून त्याच रस्त्याने, त्याच पुलावरून पुन्हा जाईन. छोटी पट्टी मला दिसायला आवडते म्हणून बसवायची आहे, तिच्याकडून आता दुसरी अपेक्षा नाही. ती चिकटवण्यापूर्वी ट्यूफच्या तपासनिसाची वेळ घेऊन कागद दाखवावेत की बसवल्यावर जावे?

जुनी_गाडी_म्युनिक

आधी जावे. कागदावर आपल्या गाडीचा प्रकार आणि पट्टीवर कोरलेला क्रमांक जुळतो का, एवढे ते पाच मिनिटांत पाहून सांगतात. तो क्रमांक पट्टीच्या खालच्या बाजूला असेल, तर चिकटवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून ठेवा, कारण नंतर तो कोणालाच दिसणार नाही.