मदत हवी आहे: इम्पॅक्ट फॅक्टर ६.२४७ वालं जर्नल घेऊ की १.४ वालं?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. पेपर तयार आहे, समोर दोन जर्नल आहेत. पहिल्याचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, ६.२४७, दुसऱ्याचा १.४. गाईड म्हणतात क्यू टू च्या खाली नको, म्हणजे विषयातल्या जर्नलांच्या वरच्या अर्ध्यात हवं. मी पहिलं धरून चालले होते, पण लॅबमधली सीनियर म्हणते दुसरंच घे. कारण विचारलं तर तिला वेळ नाही. सोमवारपर्यंत ठरवायचंय. आकडा मोठा तर जर्नल मोठं, असंच असतं ना? मग १.४ कशाला?

कांजूरकर
विषय कुठला? गणितात १.४ म्हणजे चांगलं जर्नल, इम्युनॉलॉजीत तोच आकडा तळाला. विद्यापीठ कुठलं? सोमवारी काय आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, काय सांगणार?

खाडीकाठची
सॉरी. सागरी जीवशास्त्र, मुंबई विद्यापीठ. ठाणे खाडीच्या गाळातले पॉलिकीट, म्हणजे वलयी कृमी. ऐरोली आणि वाशी, दोन वर्षांचे नमुने. जर्नलची नावं इथे टाकत नाही, कुणाला हवी तर व्यनि करते.

सुलभा_के
पेपर कुठेही पाठवण्याआधी प्लेजियरिझम तपासा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. आमच्या विभागात एकीचा १४ टक्के आला होता, सहा महिने गेले बिचारीचे.

कांजूरकर
ताई, त्यांनी ते विचारलेलं नाही.

जुना_ग्रंथपाल
मी कॉलेजच्या लायब्ररीत ३१ वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. खरा जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर एकच कंपनी काढते, क्लॅरिव्हेट. हिशेब साधा आहे. आधीच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन (दुसऱ्या लेखांनी दिलेले संदर्भ) मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन लेख आणि रिव्ह्यू लेख. आता तुमचा आकडा बघा, ६.२४७. २०२२ च्या आकड्यांपासून क्लॅरिव्हेट एकच दशांश स्थळ देते. तीन दशांशांचा आकडा २०२१ चा किंवा त्याआधीचा असायला हवा. तुमच्या जर्नलने त्यापुढे कुठलं वर्ष लिहिलंय? आणि 'इम्पॅक्ट फॅक्टर' या शब्दांच्या आधी आणखी काही शब्द आहेत का? 'ग्लोबल', 'सायंटिफिक', असं काही? पैसे घेऊन असे आकडे वाटणारी दुकानं आहेत.

खाडीकाठची
वर्ष २०२४ लिहिलंय. आणि हो, आधी 'सायंटिफिक जर्नल' असं बारीक अक्षरात आहे. मी वाचलंच नव्हतं. पण काका, वेबसाइट अगदी नीट आहे, आयएसएसएन आहे, संपादक मंडळात परदेशी प्राध्यापक आहेत.

जुना_ग्रंथपाल
आयएसएसएन हा फक्त ओळखक्रमांक आहे, तो मिळायला दर्जा लागत नाही. संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन त्यांनी या जर्नलचा उल्लेख केलाय का ते बघा. मग तोच आयएसएसएन स्कोपस या जर्नलांच्या डेटाबेसच्या सोर्सेस पानावर आणि क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये टाका. दोन्ही फुकट आहेत. जर्नलच्या साइटवर तिथूनच जा, ईमेलमधल्या लिंकवरून नको. चांगल्या जर्नलच्या नावाच्या हुबेहूब नकली साइट असतात.

रसायन_माटुंगा
माझं मत स्पष्ट आहे, इम्पॅक्ट फॅक्टर बघूच नका. अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका सेक्शन ए चा आकडा २ च्या आसपास असायचा, २००९ मध्ये तो ४९.९ झाला. कारण एकच लेख, शेलएक्स सॉफ्टवेअरवरचा, जो स्फटिकरचना काढणारा प्रत्येक जण सायट करत होता. बाकीचे लेख होते तिथेच. सरासरी आहे ती, तुमच्या पेपरबद्दल काही सांगत नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शास्त्रज्ञांनी 'डोरा' जाहीरनामा मांडला तो याचसाठी.

कांजूरकर
सर, पटतं. पण पर्मनंट नोकरीत बसून हे बोलणं सोपं आहे. मी गेल्या तीन वर्षांत पाच मुलाखती दिल्या, दर वेळी पहिला प्रश्न 'क्यू वन किती?' या मुलीने डोरा छापून फाइलला लावायचा का?

रसायन_माटुंगा
मुलाखतीत मीही बसतो आणि मी पेपर वाचून येतो. आपणच आकडा मागत राहिलो तर हे बदलणार कधी?

कांजूरकर
तुमच्यासारखे किती आहेत, सर?

पारसिक_हिल
यूजीसीच्या केअर लिस्टमध्ये, म्हणजे मान्य जर्नलांच्या यादीत, आहे का ते बघा, विषय संपला.

जुना_ग्रंथपाल
यूजीसीने केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता जबाबदारी संस्थांवर आहे. आणि २०२२ च्या नियमांत थीसिस जमा करण्याआधी पेपर छापण्याची सक्तीही काढलीय. तुमच्या विभागाची स्वतःची अट काय आहे ते लेखी विचारून घ्या.

अनुजा_बी
गाईडचं 'क्यू टू' नेमकं कुणाचं? क्लॅरिव्हेटचे क्वार्टाइल (क्यू वन ते क्यू फोर हे चार गट) वेगळे, सिमॅगो या साइटचे वेगळे. सिमॅगो स्कोपसच्या डेटावर एसजेआर हा स्वतःचा आकडा काढतं, त्यात वजनदार जर्नलकडून आलेलं सायटेशन जास्त धरतात. एकच जर्नल 'अॅक्वाटिक सायन्स'मध्ये क्यू टू आणि 'इकॉलॉजी'मध्ये क्यू थ्री असू शकतं. शिवाय स्कोपसचा आकडा, सायटस्कोर, चार वर्षांचा असतो, तो इम्पॅक्ट फॅक्टरशेजारी ठेवून तुलना करू नका. सिमॅगोची साइट फुकट आहे, आजच बघा.
आणि सोमवारचं अजून सांगितलं नाहीत.

खाडीकाठची
सांगते. पहिल्या जर्नलकडे पेपर आधीच पाठवलाय. चार दिवसांत अॅक्सेप्टन्स आला. सोमवारपर्यंत ६,५०० रुपये भरायचे आणि कॉपीराइट फॉर्म सही करून द्यायचा. रिव्ह्यूमध्ये एकच ओळ आहे, 'पेपर चांगला आहे, छापावा.' मी ३८ प्रजातींचा तक्ता दिलाय, त्यावर एक प्रश्न नाही. ते वाचून मलाच कसंतरी झालं होतं, म्हणून इथे आले. आधी सांगायला हवं होतं.

अनुजा_बी
अगं, पैसे भरू नकोस, फॉर्मवर सही करू नकोस. आजच ईमेलने लेखी कळव की पेपर मागे घेतेय, आणि गाईडना कॉपी ठेव. त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसरीकडे पाठवू नकोस. एकदा तिथे छापला गेला की दुसरीकडे तो डुप्लिकेट ठरतो, दोन वर्षांचा गाळ उपसलेला वाया.

जुना_ग्रंथपाल
अनुजाताईंशी सहमत. आता जर्नल निवडायची माझी पद्धत, मी सगळ्या मुलांना हीच सांगत आलो. तुमच्या पेपरची संदर्भसूची छापा आणि पेन्सिलीने प्रत्येक जर्नलपुढे रेघा मारा. ज्यांचं काम वाचून तुम्ही हे काम केलंत, ते जिथे छापतात तिथेच तुमचा वाचक आहे. आकडा त्यानंतर, वरच्या दोन-तीन नावांत निवड करायला.

रसायन_माटुंगा
हे मात्र शंभर टक्के.

खाडीकाठची
अपडेट. स्कोपस आणि मास्टर लिस्ट दोन्हीकडे पहिलं जर्नल नाही. काल रात्री मागे घेत असल्याची मेल टाकली. त्यांचं उत्तर आलं की 'विथड्रॉवल फी' भरा. गाईड म्हणाले एक पैसा देऊ नकोस, मी माझ्या नावाने लिहितो. ओरडले नाहीत, पण तो एका ओळीचा रिव्ह्यू दोनदा वाचून गप्प बसले.
रेघा मारल्या. ५२ संदर्भांपैकी ११ मरीन पोल्यूशन बुलेटिनचे, ७ त्या १.४ वाल्याचे, पहिल्याचा शून्य. १.४ वालं सिमॅगोवर एका विषयात क्यू टू आहे, गाईडना चालतं. तिथे रिव्ह्यूला चार-पाच महिने लागतात म्हणे. लागू देत.

पारसिक_हिल
अवांतर: ऐरोलीला दरवर्षी फ्लेमिंगो बघायला जातो. ते हेच किडे खातात का?

खाडीकाठची
मोठा रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो) खातो. छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर असतो, आणि आपल्याकडे जास्त संख्या त्याचीच. ओहोटीला गेलात तर गाळावरची बारीक छिद्रं बघा. त्यातली बरीच माझ्या कृमींची आहेत.