मदत हवी आहे : देणगीदार काकांना खरं कसं सांगू?

नमस्कार मंडळी. पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत आम्ही एक छोटी अभ्यासिका चालवतो. कोथरूडचे एक निवृत्त काका सहा वर्षं न चुकता देणगी देतात. यंदा त्यांनी 60,000 रुपये खास पुस्तकं आणि कपाटांसाठी दिले. मध्येच घरमालकाने भाडं वाढवलं, दोन ताईंचं मानधन थकलं, आणि विश्वस्तांनी त्यातले 35,000 तिकडे वळवले. पैसा मुलांसाठीच गेला, पण ज्यासाठी दिला होता त्यावर नाही.

कागदोपत्री आम्ही चोख आहोत. 80जीची (आयकर सवलतीसाठीची) पावती, 31 मेच्या आत 10बीई हे देणगीचं प्रमाणपत्र, ऑडिट, सगळं वेळेवर. त्याने काकांना टॅक्समध्ये सूट मिळते, एवढंच. सहा वर्षांत पावती आणि दिवाळीचं भेटकार्ड सोडून आम्ही त्यांना काही कळवलंच नाही, हे आता टोचतंय.

पुढच्या आठवड्यात ते 'कपाटं बघायला' येणार आहेत. आमचे अध्यक्ष म्हणतात, कुठूनतरी उसनी आणून ठेवू. (खरंच असं म्हणाले!) मला अजिबात पटत नाही.

संस्था चालवणाऱ्यांनी सांगा: आधी फोन करू, की घरी जाऊन हिशेबाची वहीच समोर ठेवू? उरलेले पैसे परत देऊ केले तर त्यांना अपमान वाटेल का? आणि भाडं-मानधनासाठी म्हणून सरळ मागितलं तर कोणी देतं का? पुस्तकांना सगळे देतात, भाड्याला कोणी नाही, असा आमचा अनुभव. इथे कोणी देणगीदार असतील तर त्यांनी जरूर लिहा.