मदत हवी आहे: एआयओ कूलरचा पंप फिरतोय, पण पाणी फिरतंय का?

संगणकाच्या प्रोसेसरवर २४० मिमीचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर एकत्र जोडलेला, बंदिस्त) लिक्विड कूलर आहे, वॉरंटी संपलेली. हल्ली रेंडरिंग सुरू केलं की प्रोसेसर काही मिनिटांत ९५ अंशांवर जातो आणि वेग खाली येतो. नुसता डेस्कटॉप उघडा असला तरी तापमान पूर्वीपेक्षा जास्तच दिसतं.

थर्मल पेस्ट बदलली, रेडिएटरची धूळ काढली, ब्लॉकचे (प्रोसेसरवर बसणाऱ्या भागाचे) स्क्रू तपासले, बायोसमध्ये पंप पूर्ण वेगावर ठेवला. पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) नेहमीइतकाच येतो, म्हणूनच कोडं पडलंय. रेडिएटर केसच्या (संगणकाच्या पेटीच्या) वर बसवलाय, त्यामुळे हवेचा बुडबुडा पंपात अडकायची शक्यता कमी. गुडगुड आवाजही नाही.

एक गोष्ट मात्र खटकते: लोड असताना एक नळी चांगलीच गरम आणि दुसरी जवळजवळ थंड लागते. प्रवाह नीट असेल तर दोन्हींत एवढा फरक पडायला नको. ब्लॉकमधल्या बारीक खाचांत गाळ साचला असावा, असा माझा अंदाज. नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं, तेही असू शकेल.

केसमध्ये १५५ मिमीपेक्षा उंच एअर कूलर मावत नाही आणि प्रोसेसर १२५ वॉटचा आहे. कूलरला रीफिल पोर्ट (पाणी पुन्हा भरायचं तोंड) नाही. काम रोजचं असल्यामुळे गळतीचा धोका नको.

ब्लॉक न उघडता गाळ आणि पाण्याची घट यांतलं नेमकं काय झालंय, हे ओळखता येतं का? आणि कोणी असा कूलर उघडून साफ केला असेल, तर तो पुढे किती टिकला?