स्पार्स फाइलमधल्या होलला मराठीत काय म्हणायचं? रिकामी जागा, पोकळी की तुटाळ?

विट्याहून :
नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हर रूमसाठी मराठीत एक माहितीपुस्तिका लिहायला घेतलीय, रात्रपाळीला जी पोरं असतात त्यांना इंग्रजी मॅन्युअल चाळत बसायला वेळ नसतो म्हणून. व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या कॉम्प्युटरच्या) डिस्क नेटवर्कवरच्या स्टोरेजवर फाइल म्हणून ठेवल्यात. फाइल दिसते 500 जीबीची पण प्रत्यक्षात जागा खाते 60 जीबीच्या आसपास, कारण मधल्या बऱ्याच भागात कधी काही लिहिलंच गेलेलं नाही. अशा फाइलला इंग्रजीत स्पार्स फाइल म्हणतात आणि ह्या न लिहिलेल्या भागांना होल. मी "रिकामा भाग" असं लिहिलंय पण एका पोरानं लगेच विचारलं, रिकामा म्हणजे डिलीट केलेला का? दुसरा म्हणाला रिकामा म्हणजे सगळे शून्य. आता नेमका शब्द कुठला घ्यावा? सच्छिद्र, पोकळ, विरळ एवढे सुचलेत, कुणाकडं आणखी असतील तर सांगा.

वाईहून :
विश्वकोशाच्या गावची असल्यामुळं शब्दांचा विषय निघाला की राहवत नाही. 'सच्छिद्र' नको असं मला वाटतं, सच्छिद्र म्हटलं की पाणी झिरपणारं मडकं डोळ्यासमोर येतं, म्हणजे आतलं बाहेर जाणार असा भाव येतो आणि इथं तर काही गळत नाही. 'पोकळ' मध्ये तर दोष दाखवल्यासारखं होतं, पोकळ वासा, पोकळ आश्वासन. 'विरळ' चालेल पण फक्त फाइलला. विरळ वस्ती म्हणतो तसं विरळ फाइल. मधल्या एकेका भागाला विरळ म्हणता येत नाही, त्याला नाम लागेल.

मिरजेहून :
ताईंचं बरोबर आहे, फाइलला विरळ आणि भागाला वेगळं नाम. पण नाम ठरवायच्या आधी एक गोष्ट बघायला पाहिजे, ती म्हणजे "रिकामी" ह्या एका शब्दात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतोय, आणि त्या पोरांनी जे दोन प्रश्न विचारले ते दोन्ही एकदम रास्त आहेत.

पहिली गोष्ट, जागाच दिलेली नाही. फाइल सिस्टिमनं त्या पट्ट्याला डिस्कवरचा एकही ब्लॉक (जागेचा ठरावीक तुकडा) दिलेला नाही, वाचलं तर शून्य मिळतात. हा खरा होल. दुसरी, जागा दिलेली आहे आणि तिथं कुणीतरी खरोखर शून्य लिहिलेत. वाचताना फरक काहीच दिसत नाही पण जागा गेलेली असते. तिसरी, व्हर्च्युअल मशीनच्या आत फाइल डिलीट केल्या, आतल्या सिस्टिमच्या हिशोबानं जागा मोकळी झाली, पण बाहेरच्या फाइलमध्ये जुना डेटा तसाच पडून आहे. म्हणजे आत "फ्री 400 जीबी" दिसतं आणि बाहेर इमेज (डिस्कची ती फाइल) फुगलेलीच. आतून ट्रिम (ही जागा आता नको असं डिस्कला कळवणारी कमांड) चालवलं आणि डिस्कला डिस्कार्ड (ती सूचना बाहेरपर्यंत पोचवायची सोय) चालू असलं तरच तो भाग बाहेर होल होतो, एरवी वर्ष झालं तरी होत नाही.

आता होल शोधायचा कसा, कारण शब्दाचा घोळ इथंच अंगाशी येतो. लिनक्समध्ये 2011 साली 3.1 कर्नलमध्ये एलसीकला (फाइलमध्ये हव्या त्या जागी जायची प्रोग्रामची सोय) दोन पर्याय आले, सीक डेटा आणि सीक होल, मूळ कल्पना सोलारिस ह्या ऑपरेटिंग सिस्टिमची. इथून पुढं पहिला डेटा कुठं, इथून पुढं पहिला होल कुठं, असं विचारत विचारत सगळी फाइल न वाचता नकाशा तयार होतो. पण फाइल सिस्टिमला होल सांगायची सक्ती नाही. तिनं "सगळा डेटाच आहे, होल फक्त फाइलच्या शेवटी" असं उत्तर दिलं तरी ते नियमात बसतं.

आणि नेटवर्कवर नेमकं तेच होतं. एनएफएस (नेटवर्कवरच्या फाइल वापरायचा प्रोटोकॉल) 3 मध्ये फाइलची लांबी किती आणि वापरलेली जागा किती हे दोन्ही आकडे सर्व्हरकडून येतात, त्यामुळं डीयू (वापरलेली जागा दाखवणारी कमांड) मारलं की 60 दिसतं आणि एलएस (लांबी दाखवणारी) मारलं की 500. म्हणजे होल आहेत हे समजतं. पण कुठं आहेत हे विचारायची सोयच त्या प्रोटोकॉलमध्ये नाही. ती आली एनएफएस 4.2 मध्ये, त्याचं मानक आरएफसी 7862, नोव्हेंबर 2016, त्यात सीक आहे, आणि भाग परत देऊन टाकायला डीअलोकेट आहे. तुमचं स्टोरेज 3 वर माउंट असेल (जोडलेलं असेल) तर कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला पूर्ण 500 जीबी नेटवर्कवरून ओढून शून्य आहेत का तपासत बसावं लागतं. एक गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला 110 एमबी धरले तरी सव्वा तास, आणि ते पण लाइनवर दुसरं कुणी नसलं तर. शिवाय अशा तपासणीत जे सापडतं ते शून्य, होल नव्हे. जागा दिली होती की नव्हती हे बाइट वाचून कधीच कळत नाही.

म्हणून पुस्तिकेत दोन शब्द हवेत. एक जागेबद्दलचा, एक वाचल्यावर काय मिळतं त्याबद्दलचा.

विट्याहून :
सर, हे फार कामाचं सांगितलंत. आमचं माउंट 3 वरच आहे, आजच बघून घेतलं. बॅकअप दुसऱ्या बॉक्सवर नेला की 60 ची 500 होत होती ती ह्यामुळंच म्हणायची.

मिरजेहून :
हो, कॉपी करणारा शून्यसुद्धा जसेच्या तसे लिहीत असेल तर तसंच होणार. सीपी ह्या कॉपीच्या कमांडला स्पार्स ऑलवेज सांगितलं तर पलीकडं शून्यांच्या जागी परत होल पाडले जातात. क्यूईएमयू ह्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं कन्व्हर्ट तर न सांगता ते करतं. पण वाचावं पूर्ण लागतंच, तो वेळ वाचत नाही. सर्व्हर 4.2 देत असेल तर तिकडं जा.

कराडहून :
मी बऱ्याच वेळानं वाचतोय, शेतीवाला माणूस आहे आणि कॉम्प्युटरचं काम पोटापाण्यासाठी करतो. ह्याला आमच्याकडं तयार शब्द हाय की. उसाच्या सरीत जिथं कोंब उगवलाच नाही तिथं तुटाळ पडली म्हणतात. सरीची लांबी तेवढीच राहते, पुढच्या उसाची जागा पुढंच राहते, मधली जागा मोजणीत असते पण तिथं ऊस नसतो. होल अगदी तसाच की नाही? फाइलची लांबी कमी होत नाही, पुढचा ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) सरकत नाही. आणि नंतर तिथं रोप लावलं की तुटाळ सांधली. होलमध्ये पहिल्यांदा लिहिलं की फाइल सिस्टिम ब्लॉक देते, तीपण सांधणीच.

वाईहून :
काय सुरेख शब्द दिलात काका! आमच्याकडं नांगे भरणे, नांग्या भरणे असं म्हणतात, तोच अर्थ. पण नांगी लिहिलं की सांगली-साताऱ्याबाहेरचा वाचणारा विंचवाची नांगी समजणार, नाहीतर नांगी टाकणे आठवणार. तुटाळला दुसरा अर्थ चिकटलेला नाही. आणि "तुट" मुळं सलगपणा तुटलाय हेही ऐकूनच कळतं. माझं मत तुटाळला.

मिरजेहून :
माझंपण. आणि काकांच्या शब्दातली आणखी एक गोष्ट मला पटली, तुटाळ म्हणजे उगवलंच नाही, उपटून टाकलेलं नाही. डिलीट केलेल्या भागाशी घोळ होणार नाही.

फक्त एक काळजी घ्या, हा शब्द खात्री असेल तिथंच वापरायचा. कारण दोन चुका सारख्या नसतात. तुटाळीला डेटा म्हटलं तर फार तर जागा आणि वेळ वाया जातो. डेटाला तुटाळ म्हटलं तर कॉपीत तिथं शून्य येतात आणि डेटा गेला. 2023 च्या नोव्हेंबरात ओपनझेडएफएस ह्या फाइल सिस्टिममध्ये हेच सापडलं, नुकतंच लिहिलेलं असताना विचारलं तर कधी कधी तिथं होल आहे असं उत्तर यायचं, आणि कोअरयुटिल्स (सीपी ज्यात येतं तो कमांडचा संच) 9 पासून सीपी ह्याच उत्तरावर विसंबून कॉपी करायला लागलेलं, त्यामुळं कॉपी झालेल्या फाइलमध्ये शून्यांचे पट्टे. ओपनझेडएफएसच्या 2.2.2 आणि 2.1.14 आवृत्त्यांमध्ये दुरुस्त केलं. म्हणून पुस्तिकेत ठळक लिहा, माहीत नसेल तर "डेटा" धरायचं.

एनबीडी ह्या नेटवर्कवरून डिस्क वापरायच्या प्रोटोकॉलवाल्यांनी हे फार नीट केलंय, त्यांच्याकडं ब्लॉक स्टेटस विचारलं की होल आणि झीरो असे दोन वेगळे झेंडे येतात. होल म्हणजे इथं लिहायला गेलात तर जागा कमी पडू शकते, झीरो म्हणजे वाचलं तर शून्यच मिळणार. एक असून दुसरा नसणं शक्य आहे, होल आहे पण झीरोची हमी नाही असंसुद्धा. आपल्या पुस्तिकेत त्याला तुटाळ आणि शून्यपट्टा म्हणू. रात्रपाळीच्या पोरांना होलचा झेंडा जास्त महत्त्वाचा, कारण स्टोरेज भरलं की तुटाळीत लिहिताना जागा मिळत नाही आणि मशीन पॉज होऊन बसतं, आत मात्र डिस्क निम्मी मोकळी दिसत असते.

विट्याहून :
मग मी असं लिहितो, चालेल का बघा : "विरळ फाइलमध्ये ज्या भागाला जागा दिलेली नाही त्याला तुटाळ म्हणतात. तुटाळ वाचली तर सहसा शून्य मिळतात, पण शून्य मिळाले म्हणून ती तुटाळ असेलच असं नाही. मशीनच्या आत डिलीट केलेला भाग ट्रिम होईपर्यंत तुटाळ नसतो."

आणि एक राहिलं. आमच्या काही डिस्क मूळ इमेजवर थर चढवून केलेल्या आहेत. वरच्या थरात जे नाही त्यालापण तुटाळच म्हणू का?

मिरजेहून :
नको! वरच्या थरात जागा दिलेली नाही ह्याचा अर्थ तिथं "खालच्या इमेजमध्ये बघा" एवढाच. तिथं वाचलं तर खालचा डेटा येतो, शून्य नव्हे. त्याला तुटाळ म्हटलं आणि कुणी वरचा थर एकटाच उचलून दुसरीकडं नेला तर मशीन उठणारच नाही. ह्याला सरळ "खालून घेतलेला भाग" म्हणा, लांब झालं तरी चालेल. क्यूईएमयू-इमेज मॅप ह्या कमांडमध्ये डेप्थचा आकडा असतो ना, 0 म्हणजे वरचा थर, 1 म्हणजे त्याच्या खालचा, तो बघायला शिकवा पोरांना.

कराडहून :
खालून घेतलेला भाग, हे झ्याक झालं. विट्याच्या दादा, पुस्तिका झाली की इथं टाका, आमच्या कारखान्यातल्या पोरांनापण देतो.