इंग्रजीत 'हू', 'विच'च्या आधी स्वल्पविराम कधी द्यायचा?

पोफळीखाली:
दापोली तालुक्यातल्या मुरुडला आमच्या घरीच पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोय आहे. पडवीत एक इंग्रजी माहितीपत्रक लावलंय, थोरल्याने टाईप करून दिलेलं. परवा पुण्याच्या एक बाई उतरल्या होत्या. सकाळी चहा उकळेपर्यंत त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि पत्रक तपासून टाकलं! मी काही बोलले नाही, पाहुण्या त्या. नंतर बघते तर एका वाक्यात दोन स्वल्पविराम घातलेत, दुसऱ्यातले दोन खोडलेत, तिसऱ्याला हातच लावलेला नाही. विचारीन म्हणेपर्यंत गाडी आंजर्ल्याच्या वाटेला लागली होती.

घातले ते: 'अवर कुक, हू इज फ्रॉम आंजर्ले, मेक्स मोदक्स ऑन रिक्वेस्ट.'
खोडले ते: 'गेस्ट्स हू पे इन ॲडव्हान्स गेट फ्री ब्रेकफास्ट.'
जसंच्या तसं ठेवलं ते: 'रूम्स विच फेस द सी हॅव अ बाल्कनी.'

मला तिन्ही एकाच साच्यातली दिसतात. नवीन पत्रक छापायला टाकायचंय, कोणी उलगडून सांगेल का?

दर्याकिनारी:
ताई, सोप्पं आहे. मोठ्याने वाचा, दम लागेल तिथे स्वल्पविराम.

खडू_डस्टर:
दमावर नका जाऊ हो. जिना चढून आलेल्या माणसाला प्रत्येक शब्दाला दम लागतो.

ताई, बाईंनी केलंय ते बरोबर आहे. खेडला शाळेत इंग्रजी शिकवायचो तेव्हा मुलांना सांगायचो, उपवाक्यावर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा. 'हू इज फ्रॉम आंजर्ले' झाका. 'आमच्या स्वयंपाकीणबाई सांगितल्यावर मोदक करून देतात' एवढं उरतं. तुमच्याकडे बाई एकच, त्यामुळे कोण ते कळलंच. आंजर्ल्याची माहिती वरची, म्हणून दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम.

आता 'हू पे इन ॲडव्हान्स' झाका. 'पाहुण्यांना नाश्ता फुकट'! सगळी पंगत घावनांवर बसेल आणि तुम्ही तव्यापुढून उठायच्या नाही. इथे ते उपवाक्यच कोणते पाहुणे ते ठरवतं, म्हणून स्वल्पविराम नाही. खोल्यांचंही तेच. स्वल्पविराम दिलात तर तुमच्या सगळ्याच खोल्या समुद्राकडे तोंड करून आहेत असा अर्थ होतो. मग आगराकडची खोली मिळालेला पाहुणा भांडायला मोकळा.

आपल्या हर्णैचंच घ्या. तिथे किल्ले चार. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला किनाऱ्यावर, सुवर्णदुर्ग एकटा पाण्यात. 'द फोर्ट विच स्टँड्स इन द सी इज सुवर्णदुर्ग' यात स्वल्पविराम नको, कारण चारांतला कुठला ते उपवाक्यच सांगतंय. पण सुरुवातच नावाने केलीत, तर नावानेच ओळख पटली: 'सुवर्णदुर्ग, विच स्टँड्स इन द सी, इज नियर हर्णै.' विशेषनामानंतर बहुतेक वेळा स्वल्पविरामच येतात. तुमच्या मुरुडचं वाक्य पत्रकात हवंच: 'महर्षी कर्वे, हू रिसीव्ड द भारतरत्न इन १९५८, ग्रू अप इन मुरुड.'

अडलात तर मराठीत 'जे-ते' लावून बघा. 'जे आगाऊ पैसे भरतात त्यांना नाश्ता फुकट', चपखल बसतं. 'ज्या आंजर्ल्याच्या आहेत त्या आमच्या स्वयंपाकीणबाई मोदक करतात' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारणार, मग बाकीच्या काय करतात? तिथे स्वल्पविराम द्यायचे.

पोफळीखाली:
सर, आता डोक्यात शिरलं. मग हे बघा: 'माय सन हू लिव्ज इन ठाणे टेक्स द बुकिंग्ज.' मुलगे दोन आहेत. धाकटा इथेच असतो, आगराचं बघतो.

खडू_डस्टर:
मग नको. स्वल्पविराम दिलेत तर वाचणारा धाकट्याला जमेतच धरणार नाही, मुलगा एकच असं समजेल. आणि द्याल तिथे जोडीने द्या. मुलं पहिला देऊन दुसरा हमखास विसरायची. मग वाक्य कुठे परत सुरू होतं तेच कळत नाही.

कॅम्पवाला:
एक भर घालतो. खोल्यांच्या वाक्यात 'विच'ऐवजी 'दॅट' चालेल, अमेरिकन संपादक तर तिथे 'दॅट'च पसंत करतात. स्वयंपाकीणबाईंसारख्या वाक्यात मात्र स्वल्पविरामानंतर 'दॅट' बसत नाही. ब्रिटिश वळणात 'विच' दोन्हीकडे चालतं आणि आपण शाळेत तेच शिकलो. म्हणजे 'विच' दिसलं की फरक कळायला फक्त स्वल्पविराम उरतो. सर म्हणतात ते म्हणूनच पाळा.

पोफळीखाली:
शेवटचं विचारते. उपवाक्याबरोबर वाक्यच संपत असेल तर? 'यू कॅन सी द फिश ऑक्शन ॲट हर्णै, विच इज क्लोज बाय.'

खडू_डस्टर:
आधी एकच. मागे पूर्णविराम आहेच, त्यावर आणखी काही नको. आणि लिलावाला जाताना जुन्या चपला घाला, हेही त्याच ओळीखाली लिहा.