पॅटर्न उशिरा बदलत नाही, रांगेत असतो

एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं तरी पॅटर्न उशिरा बदलतो असं वाटतं, पण तो उशीर नाहीये हो. त्यात ग्लोबल क्वांटायझेशन, म्हणजे क्लिप (वाजवायचा संगीताचा तुकडा) कुठल्या ठोक्यावर सुरू व्हावी याची सगळ्यांसाठीची सेटिंग, मुळातच १ बारवर असतं, म्हणजे १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ४/४ मध्ये (बारला चार ठोके) २ सेकंद, तुम्ही मधेच दाबलंत की क्लिपचं बटण लुकलुकत राहतं आणि पुढच्या समेवरच ती सुरू होते. मी चौथ्या बीटच्या आधीच दाबून मोकळा होतो, कारण सम जराशी हुकली की अख्खा बार थांबावं लागतं आणि स्टेजवर ते २ सेकंद जाता जात नाहीत. फिलच्या (मधेच वाजणाऱ्या छोट्या भरावाच्या) क्लिपला मात्र वेगळं १/४, म्हणजे एका ठोक्याचं क्वांटायझेशन द्या आणि लेगाटो चालू करा, म्हणजे आधीची क्लिप जिथे होती तिथूनच ती पुढे वाजते. ग्लोबलला हात लावू नका, बेसलाइन भलतीकडेच सुरू होईल.