साखळी सामने, पळती आणि ऑफसाइड

प्रश्न (डिचोली) :
शाळेच्या क्रीडा सप्ताहासाठी नियमांची छोटी पुस्तिका मराठीत तयार करते आहे. तीन ठिकाणी अडले. ‘साखळी सामने’ वाचून मुले विचारतात, सामने साखळीला आहेत का? त्यांना साखळी म्हणजे वाळवंटी नदीच्या काठचे गाव. दुसरे, खो-खोत मुलांच्या तोंडी ‘चेझर’ आणि ‘रनर’ पक्के बसले आहेत. मराठी शब्द मैदानावर खरेच चालतात का, की पुस्तकापुरतेच? आणि फुटबॉलच्या ‘ऑफसाइड’ला काय लिहायचे?

उत्तर (फोंडा) :
बाई, पहिले सोपे. गटातला प्रत्येक संघ बाकी सगळ्यांशी खेळतो ती साखळी पद्धत. हरला की घरी, ती बाद पद्धत. चार संघ असले तर साखळीत सहा सामने होतात, बाद पद्धतीत तीन. ‘साखळी पद्धतीचे सामने’ असे पूर्ण लिहा म्हणजे गावाशी घोळ होणार नाही. खो-खोत साखळी आणखी वेगळी आहे. पळणारा बसलेल्या गड्यांमधून एकाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून नागमोडी जातो ती एकेरी साखळी, दोन-दोन गडी घेऊन वळतो ती दुहेरी.

खो-खोबद्दल मात्र माझा आग्रह आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाला नियमांची चौकट दिली. त्याचे शब्द बाहेरून आणावे लागले नाहीत, ते मैदानावरच तयार झाले. आधी खेळ डोळ्यांसमोर आणा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवरच्या, म्हणजे लांब पट्ट्यावरच्या, चौकांत बसतात, एकाचे तोंड इकडे, पुढच्याचे तिकडे. नववा उठलेला. दोन टोकांना दोन खांब. समोरचा संघ तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरतो आणि नऊ मिनिटांची पाळी सुरू होते. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. पळणाऱ्यावर यातले एकही बंधन नाही. खेळाची सगळी चुरस या फरकातून येते, म्हणून ‘दिशा घेणे’ हा शब्दप्रयोग पुस्तिकेत ठळक छापा. नवी मुले सर्वांत जास्त फाउल इथेच करतात.

‘चेझर’साठी पाठलाग करणारा किंवा आक्रमक. ‘रनर’साठी छापील शब्द संरक्षक, मैदानावरचा शब्द पळती. ‘तिने अडीच मिनिटे पळती केली’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावे लागत नाही. वर्तमानपत्रात तेच ‘अडीच मिनिटे संरक्षण केले’ असे येते. दोन्ही बरोबर, पण मुलांसाठी मी पळतीच लिहीन. ‘डाइव्ह’ला सूर आहेच.

खो देताना मागून द्यायचा. हात पाठीला लागला पाहिजे आणि ‘खो’ही त्याच क्षणी ऐकू आला पाहिजे. खेळात आपण खो ‘देतो’. कामात खो ‘घालतो’ तेव्हा अर्थ अडथळ्याचा होतो. मुलांच्या निबंधात ही दोन क्रियापदे सर्रास एकमेकांच्या जागी येतात, तेवढे बघा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. आता हा खेळ जगभर इंग्रजीतून समजावला जाणार आणि ते योग्यच आहे. पण जिथे शब्द मुळातले आहेत तिथल्या मुलांनी ते उसने का घ्यावेत?

उत्तर (मडगाव) :
ऑफसाइडला ऑफसाइडच लिहा. तो शब्द गोव्यातल्या प्रत्येक वाड्यावर कळतो. गोल, कॉर्नर, पेनल्टी, थ्रो-इन यांचेही तसेच. क्रिकेटचे मराठी समालोचन लोकांनी आकाशवाणीवर वर्षानुवर्षे ऐकले, म्हणून पायचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द कानात बसले. फुटबॉलला मराठीत तशी संधी मिळाली नाही. आमच्या इंटर-वॉर्ड सामन्यांत माइकवर कोंकणी असते आणि खेळाचे शब्द जसेच्या तसे. आज कुणी ‘अग्रस्थिती’सारखा शब्द घडवला तर तो छापला जाईल, बोलला जाणार नाही.

मराठीचे काम क्रियापदात आहे. खेळाडू ऑफसाइडमध्ये ‘असतो’ आणि पंच ऑफसाइड ‘देतो’, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात, चेंडू आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांहूनही गोलरेषेच्या जवळ जो असतो, तो ऑफसाइडमध्ये आहे. नुसते तिथे असणे हा गुन्हा नाही. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी तो तिथे होता आणि नंतर त्याने खेळात भाग घेतला, तर पंच ऑफसाइड देतात. स्वतःच्या अर्ध्या भागात तो लागू नाही. थ्रो-इन, कॉर्नर किंवा गोल किकवरून चेंडू थेट मिळाला तरी नाही. १९२५ पूर्वी पुढे दोन नव्हे, तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. आणि क्रिकेटची ‘ऑफ साइड’ निराळी, ती फलंदाजाच्या एका बाजूची दिशा आहे. पुस्तिकेत दोन्ही खेळ असतील तर टीप द्याच.

उत्तर (पेडणे) :
विटी-दांडू घेणार असाल तर ‘कोयंडो-बाल’ हे आपल्याकडचे नावही कंसात द्या, घरात आजी-आजोबा तेच म्हणतात. मोजणीचे वकट, लेंड, मुंड, नाल वगळू नका. तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु शेजारी ठेवून बघा. एक, दोन, तीन, चारच आहेत ते! हे आकडे शाळेने शिकवले नाहीत, खेळानेच सांभाळले.

पुरवणी प्रश्न (डिचोली) :
सगळ्यांचे आभार. पेडण्याची सूचना लगेच घेते. आणखी दोन शंका. कबड्डीच्या ‘सुपर टॅकल’ला काही आहे का? आणि मुलींच्या सामन्यात ‘गडी बाद’ लिहावे का? एका पालकांनी हरकत घेतली.

उत्तर (फोंडा) :
अव्वल पकड. मराठी वर्तमानपत्रांनी हा शब्द चांगला रुजवला आहे, तसाच ‘सुपर रेड’साठी ‘अव्वल चढाई’. मैदानात बचावाचे तीन किंवा कमी गडी उरले असताना चढाई करणाऱ्याला पकडले, तर ती अव्वल पकड आणि एक गुण जादा. दम, चढाई, पकड, लोण (समोरचा सगळा संघ बाद), निदान रेषा (चढाईत ओलांडायची रेषा) हे सगळे जसेच्या तसे घ्या. रेफरीला ‘सरपंच’ आणि अंपायरना ‘पंच’ हे जुने शब्दही द्या, पण खाली खुलासा करा. बक्षीस समारंभाला पंचायतीचे सरपंच येतात आणि मुले गोंधळतात.

‘गडी’चे म्हणाल तर बातम्यांत तो मुलींच्या सामन्यांतही येतो, कारण तिथे त्याचा अर्थ संघातला एक जण एवढाच आहे. पालकांची हरकत मी उडवून लावणार नाही. पुस्तिकेत ‘खेळाडू बाद’ लिहा, कुणाला खटकणार नाही. मैदानावर माझ्या मुलीच ‘एक गडी गेला’ म्हणून ओरडतात, तिथे त्यांना अडवू नका.